दुधाच्या किटलीला खिडकी

आमच्या घरात पोरांना फिरायला न्यायचं ठरतं तेव्हा पोरांना कुणीही काही विचारत नाही. हा नियम कुणी केला देव जाणे, पण पाळतात सगळे. दोन दिवस पुण्याला जाऊन यायचं, एवढीच गोष्ट होती. कोल्हापूरकराला पुणं म्हणजे काही लंका नाही. सकाळी निघालेलं माणूस दुपारच्या जेवणाला पोचतं. पण आमच्या थोरल्या दिरांनी त्या दोन दिवसांचं नियोजन दिवाळीत हातात घेतलं आणि थंडी सरत आली तरी ते त्यांच्या हातातनं सुटेना. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, दुसरं काय.

मूळ खूळ माझ्या लेकीचं. ती सहावीत आहे. तिच्या वर्गातली एक मुलगी पुण्याला जाऊन मेट्रोत बसून आली आणि तिनं वर्गात सांगितलं, की ती गाडी नदीच्या खालनं जाते. माझ्या लेकीला हे काही पटेना. आमच्या पोरांना नदी ठाऊक आहे ती पावसाळ्यात गल्लीत शिरणारी, शाळा बंद पाडणारी आणि जाताना भिंतीला हातभर ओल ठेवून जाणारी. तिच्या खालनं माणसं इस्त्रीचे कपडे घालून जातात आणि पलीकडं कोरडी बाहेर पडतात? "आई, खरंच असतंय व्हय असं?" हे तिनं मला रोज विचारायला सुरुवात केली. मी म्हटलं, जाऊन बघूया. धाकट्याला नदीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सरकत्या जिन्यावर उलटं चढायचं होतं. दोन पोरं, एक मेट्रो, एक जिना. यात नियोजन करण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

पण हे मी रात्री जेवताना बोलले आणि तिथंच घात झाला. थोरल्या दिरांनी भाकरी मोडायची थांबवली. "जाऊया की! सात सीटची गाडी दारात हाय आपल्या, कशाला पायजे एसटी न् फिस्टी?" गाडी त्यांची आहे आणि ती सात सीटची आहे, हे ते कुठल्याही विषयात घुसडू शकतात. त्याच रात्री त्यांनी फोनवर 'चला पुण्याला' नावाचा ग्रुप काढला. त्यात आम्ही घरातले तर होतोच, शिवाय जन्मात पुण्याला न येणारेही होते. पहिले काही दिवस नुसतीच फुलं आणि सुप्रभात. मग एकदाचा त्यात त्यांचा बेत येऊन पडला. त्याची पहिली ओळ होती, 'पहाटे साडेपाच वाजता प्रस्थान'. प्रस्थान! जसं काही स्वारीवर निघालेत. हा माणूस स्वतःच्या लग्नात अक्षता टाकायची वेळ झाली तरी दाढी करत होता, असं माझ्या जाऊबाईंनीच मला सांगितलंय.

बरं, लगेच निघायचं कसं? परगावी जायचं म्हणजे आधी जोतिबाला जाऊन यायला पाहिजे. गेले सगळे एका रविवारी डोंगरावर. गुलालानं माखून संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "आता निवांत ठरवू." म्हणजे देवाला सांगून आले की आम्ही जाणार आहोत, आणि कधी जाणार ते देवालाही माहीत नाही. मग अमावस्या आडवी आली. मग जाऊबाईंच्या माहेरचं लग्न. या सगळ्यात माझ्या नवऱ्याचं योगदान एका शब्दाचं. "बघू." लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस नक्की काय बघतोय हे काही मला कळलं नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, की मेट्रोच्या स्टेशनाजवळ एखाद्या लॉजवर एक रात्र राहू, पोरांची दगदग होणार नाही. सासूबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"पुण्यात सख्खी लेक नांदायली आणि आम्ही लॉजवर पडू? माणसं मेलीत व्हय आमची?"

झालं. आमच्याकडं हा कायदा आहे. ज्या गावात आपलं माणूस, त्या गावात लॉजची पायरी चढायची नाही. चढलात तर त्या माणसाचं नाक कापलं, आणि ते नाक पुढच्या तीन पिढ्या लग्नाकार्यात निघत राहतं. माझी नणंद राहते पुण्याच्या पार एका टोकाला. तिथनं मेट्रोपर्यंत पोचायचं म्हणजे वेगळा प्रवास. पण मेट्रो राहिली बाजूला, आता सगळं नणंदेभोवती फिरायला लागलं.

आणि पाव्हण्याच्या घरी मोकळ्या हातानं जायचं नाही, हा दुसरा कायदा. कांदा-लसणाच्या चटणीचा डबा निघाला. मग गुळाची ढेप. कुरुंदवाडच्या नदीकाठच्या मळीतली वांगी कुणीतरी आणून टाकली. माझं माहेर चंदगडचं, म्हणून मी काजू मागवावेत असं न बोलता ठरलं, आणि मी मागवले. शेवटी सासूबाईंना दुधाची आठवण झाली. पुण्यात पिशवीतलं दूध पितात हे आठवलं, की त्यांना लेकीसाठी गलबलून येतं. "पांढरं पाणी पितंय माझं लेकरू." मग गवळी म्हशी आणून उभ्या करतात त्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध तापवून, गार करून, मोठ्या किटलीतनं न्यायचं ठरलं. पुण्याला! पाच तास गाडीतनं! मी म्हटलं, नासेल. तर दीर म्हणाले, "काय न्हाय हुईत. काच उघडी ठेवून वाऱ्याला धरू." या घरात शिकलेली माणसं आहेत, हे मी स्वतःला परत परत सांगत असते.

हे ऐकून गल्लीच्या टोकाला राहणारे चुलत सासरे आले. "जाताच हाय तर तेवढा माझा गुडघा दाखवून आणूया." त्यांच्याबरोबर चुलत सासूबाई, कारण त्यांच्या गोळ्या त्यांना आठवत नाहीत, चुलत सासूबाईंना आठवतात. 'जाताच हाय तर' हे तीन शब्द आमच्याकडं ज्याच्या त्याच्या जिभेवर तयार असतात. तुम्ही नुसती चप्पल घाला, कुणीतरी म्हणतंच.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढी जीभ चालते तर तू तेव्हा काय करत होतीस? मी 'राहू दे' म्हणत होते. मी शाळेत शिकवते. पन्नास पोरांना एका नजरेत खाली बसवते. पण घराचा उंबरा ओलांडून आत आले की माझ्या तोंडात दोनच शब्द. बुधवारी, रविवारी मटण असतं. नळी माझ्यापर्यंत आली की मी म्हणते, राहू दे, मला नको. गाडीत खिडकी? राहू दे. माहेरची जत्रा? राहू दे, पुढच्या वर्षी. मला नळी आवडत नाही असं या घरात सगळ्यांना वाटतं. मला नळी अतिशय आवडते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी नणंदेचा फोन आला. सासूबाईंनी स्पीकरवर टाकला. तिच्या मुलाची बारावी. बाकी सगळे या, पण लहान पोरांचा दंगा नको, तेवढं समजून घ्या, असं ती फार गोड आवाजात म्हणाली. तिचं मी काही चुकलं म्हणणार नाही. बारावीचं घर ते. पण आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही, की मग पोरांना घेऊन दुसरीकडं राहू. लॉज तर नाहीच. जाणं रद्द तर मुळीच नाही, जोतिबाला सांगून झालेलं. सात सीटा मोजून झाल्या. दीर, जाऊबाई, सासूबाई, माझा नवरा, चुलत सासरे, चुलत सासूबाई. सातवी खिडकीची. तिथं किटली, कारण तिला वारं लागायला पाहिजे.

सासूबाईंनी माझ्या लेकीला जवळ घेतलं. "पुढच्या खेपेला नक्की हं, राजा. तुम्ही तिघं राहा घरात निवांत."

पोरांच्या सहलीत पोरं नाहीत! आणि कुणाला हसूही येत नाही! सगळे माना हलवतायत, जणू काही फार समजूतदार तोडगा निघाला. नवरा फोनमध्ये बघत होता. मला वाटलं, आता लेक रडेल, आदळआपट करेल. कोपऱ्यात तिची बॅग तिनं कधीपासून भरून ठेवलेली. मी तर वाटच बघत होते, की ही भांडली की मीही भांडीन.

ती नाही रडली. तिनं आजीचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "राहू दे, आज्जी. मला काय एवढं न्हाय त्याचं."

माझाच आवाज. तीच मान खाली, तेच ओठावरचं शहाणं हसू. अकरा वर्षांची पोर! सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, किती गुणाची. आईवर गेलीय." मेट्रो गेली खड्ड्यात, नदी गेली. पण ही पोर आजपासून जन्मभर हे म्हणत राहणार, आणि लोक तिला गुणाची म्हणत राहणार, आणि नळ्या दुसरेच कुणीतरी चोखणार. असा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

मी नवऱ्याला खोलीत गाठलं. "मी पोरांना घेऊन उद्या पुण्याला चाललेय. एसटीनं. लॉजवर राहणार." तो म्हणाला, "बघू." त्याला वाटलं मी विचारतेय.

सकाळी साडेपाचचं प्रस्थान नऊनंतर झालं. किटलीला ओढणीनं सीटला बांधलं होतं. काच उघडी. वाऱ्यावर झाकण खुळखुळत किटली खिडकीतनं बाहेर बघत गेली. गाडी वळणापलीकडं गेली तशी मी पोरांना म्हटलं, "चपला घाला." धाकट्यानं लगेच घातल्या. लेक मात्र उभीच. "आज्जी रागावंल की." म्हटलं, रागावू दे. चंदगडची बाई मी, जन्म गेला एसटीत. पुण्याची थेट गाडी म्हणजे मला झोपाळा. स्टँडवर वडा खाल्ला, गाडीत बसलो. धाकट्याला वाटेत दोनदा उलटी झाली. पिशवीत झाली, कुणाच्या तीन पिढ्यांचं काही बिघडलं नाही.

स्वारगेटला उतरून जवळच एक खोली घेतली. चादरी स्वच्छ, नळाला गरम पाणी. लॉज म्हणजे काय पापाचा डोंगर असेल असं वाटत होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन.

"अगं, कुठं आहेस तू? घरात कुणी फोन उचलेना."

"लॉजवर."

मग दबक्या आवाजात, "आईला काय सांगू? ताईचं नाक कापलंस तू. इथं आधीच दूध नासलंय, गाडीभर वास मारतोय, आई रडायलीय."

"अहो, मग आज रात्री किटलीला घ्या उशाला," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. इतकं हलकं मला मंगळसूत्र गळ्यात पडल्यापासून वाटलं नव्हतं.

स्वारगेटचं मेट्रो स्टेशन खोल पाताळात आहे. जिन्यावर जिने, सगळे सरकते. धाकटा एकावर उलटा चढला, पहारेकऱ्यानं शिट्टी मारली, त्याची सहल तिथंच पुरी झाली. गाडीत गर्दी होती. पोरं दाराच्या काचेला नाक लावून उभी. बाहेर सगळा काळोख. लेकीनं शेजारच्या बाईंना विचारलं, "नदी कुठं येते?" त्या म्हणाल्या, "कसबा पेठ गेली की लगेच. लक्ष ठेव." लेक श्वास धरून उभी राहिली. एवढे महिने ती त्या एका क्षणासाठी थांबली होती.

कसबा पेठेला माणसं उतरली आणि माझ्या पुढ्यातली जागा मोकळी झाली. शेजारी एक तरणाबांड पोरगा उभा, कानात वायरी. त्यानं माझ्याकडं बघितलंही नव्हतं, जागेकडंही नव्हतं. आणि माझ्या तोंडातनं आपोआप निघालं, "राहू दे, बसा तुम्ही."

लेकीनं काचेवरनं तोंड फिरवलं.

"आई, बस की!" ती ओरडली. कोल्हापुरात गल्लीच्या या टोकावरनं त्या टोकाला हाक मारतात तशी. अख्खा डबा वळून बघायला लागला. "तुझ्यासमोर रिकामी झालीय न्हवं? मग बस की!"

पुण्याची माणसं अशी बघत होती, की यांना बोलायची पद्धत आहे की नाही. नाहीच आहे. मी बसले.

नदी कधी गेली ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. म्हणून पुढच्या स्टेशनावर उतरून त्याच वाटेनं माघारी आलो. तिनं यावेळी काचेवरनं डोळा हलवला नाही. मीही मिळालेल्या जागेवरनं हलले नाही.