फिल्टरकाकांचा पंचा

फिल्टरकाका रोज सकाळी एक पांढरा पंचा ओला करून अंगणातल्या दोरीवर वाळत घालत. तो त्यांनी कधी अंगाला लावला नाही. संध्याकाळी पाळी संपवून आले की हातपाय धुण्याआधी पंचा उतरवायचे, उजेडाकडे धरायचे आणि काळे ठिपके शोधायचे. ठिपका हमखास सापडायचा. "अजून नाही जमलं, ताई," म्हणत पंचा पुन्हा बादलीत.

वडनेर भोलजीच्या बाहेर आमचा सोयाबीन तेलाचा कारखाना. मी प्रयोगशाळेत तेल तपासायची, काका बॉयलरच्या धुराकडे बघायचे. कामगारांच्या खोल्यांत आम्ही शेजारी.

बॉयलरमध्ये भुसा जळायचा आणि पूर्वी त्याचा धूर सरळ गावावर उतरायचा. काकूंना दमा. एका हिवाळ्यात श्वास इतका अडला, की त्यांचा भाऊ येऊन त्यांना संग्रामपूरला घेऊन गेला. काका मागे राहिले. शेत नाही, नोकरी सोडून खाणार काय? पुढे कारखान्यात धूर गाळायचा फिल्टर बसला, तेव्हा ते काम त्यांनी आपणहोऊन मागून घेतलं. "बायकोले वापस आणाची हाये, साहेब," असं तोंडावर सांगून.

फिल्टर म्हणजे घराएवढी लोखंडी पेटी. आत तारेच्या सांगाड्यांवर चढवलेल्या, माणसाहून उंच कापडी पिशव्या. धूर बाहेरून पिशवीत शिरू बघतो, राख कापडावर अडते आणि गाळलेली हवा वरच्या तोंडातून चिमणीकडे जाते. मधूनमधून वरून हवेचा झोत बसला की पिशवी झटकली जाते, राख खाली पडते. काका म्हणत, "चायची गाळणीच हाये हे. फक्त पत्ती बाहेरून लागते."

संध्याकाळी फोनवर ते काकूंना जेवणाचा थाट ऐकवत. भाकरी, वांग्याची भाजी, वर ठेचा. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं, आणि दारातून दिसायचं ते ताटात चहा आणि टोस्ट. खोटं बोलण्यात माणूस इतका सुगरण असू शकतो हे मी तिथे शिकले.

फिल्टर बसल्यावरच्या पहिल्या दिवाळीत काकू पाडव्याला येणार ठरलं. काका असे हरखले, की लक्ष्मीपूजनाला बॉयलर बंद आहे हे बघून त्यांनी साऱ्या पिशव्या उतरवल्या आणि हौदावर साबण लावून, घासघासून पांढऱ्याफेक धुतल्या. दिवाळीला घर धुतात, तसा त्यांनी फिल्टर धुतला. पाडव्याला बॉयलर पेटला आणि चिमणीतून करडा धूर निघाला. काकू ओवाळायला उभ्या राहिल्या. हातातलं ताट खोकल्याने इतकं हललं, की ते शेवटी काकांनीच धरलं. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला म्हणून त्या भावाकडे गेल्या त्या गेल्याच.

फिल्टर बसवून देणाऱ्याने नंतर फोनवर समजावलं, की कापडावर राखेचा पातळ थर राहू द्यावाच लागतो. बारीक कण तो थरच अडवतो, धुतलेल्या कापडातून ते निसटतात. काकांनी फोन ठेवला. "थे येणार म्हणून धुतल्या होत्या म्या," एवढंच म्हणाले. पंचा तेव्हापासूनचा.

पुढे पिशव्यांची नाडी त्यांना अशी कळली, की फाटकी पिशवी ते झोताच्या आवाजावरून ओळखत. पण पंच्यावर ठिपके यायचेच. मी म्हणायची, "काका, हे मळणीची धूळ हाये." ते बोटाने ठिपका चोळून म्हणायचे, "माहीच असंल." साऱ्या गावाची धूळ या माणसाने स्वतःच्या डोक्यावर घेतली होती.

एकदा मी चिडले. "रस्त्यावर ट्रक, वावरात मळण्या, घरोघरी चुलीत कापसाची पऱ्हाटी. पंचा कोरा कसा राहीन? बलावून घ्या काकूले."

"एक खेप बलावलं न, ताई," ते शांतपणे म्हणाले. "तिचा श्वास कसा वाजत होता, थे म्या आयकलं हाये. आता पक्कं झाल्याबिगर नाही."

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. काकू भावासोबत आल्या. दिवस झाल्यावर निघायच्या सकाळी त्या अंगणात बसल्या होत्या. सोयाबीनचा हंगाम भरात होता. चिमणीकडे बघत त्यांनी मला विचारलं, "कारखाना बंद हाये काय, पोरी?"

"नाही काकू. चालू हाये."

त्यांनी पुन्हा वर बघितलं. चिमणीच्या तोंडाशी नुसतं निळं आभाळ होतं.

"कधीपासून असा हाये?"

"लय वर्सं झाली."

"मंग मले बलावलं काऊन नाही त्याईनं?"

मला काकांचा राग आला, आणि रडूही. भावाने गाडी लागल्याचं दोनदा सांगितलं. काकू उठल्या नाहीत. चिमणीकडे बघत तिथेच बसून राहिल्या, मोकळा श्वास घेत.