धाकट्याची अर्धी डिस्क

माझा धाकटा भाऊ वारला आणि त्याचा लॅपटॉप बहिणीकडे आला. ती गोंदियाला कॉलेजात शिकते, सुट्टीला दवनीवाड्याला घरी येते. धाकट्याने त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टीम टाकल्या होत्या. अर्ध्या डिस्कवर विंडोज आणि अर्ध्यावर त्याचं लाडकं लिनक्स. बहिणीला लागायचं विंडोज, आणि तेवढीच बाजू काठोकाठ भरलेली. अभ्यासाचं सॉफ्टवेअर मावेना. लिनक्सचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो अर्धा भाग, उडवला की काम भागणार होतं.

आई म्हणाली, "अक्ती होऊ दे."

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. वर्षभरात गेलेला माणूस तेव्हा पितरांत मिळतो, आणि तोवर आमच्या घरी त्याच्या वस्तूंना हात लावत नाहीत. लॅपटॉप तेवढा अभ्यासापुरता बहिणीला दिलेला; त्याची सायकल तर जागची हलली नव्हती. पण डिस्कवरच्या जागेला कसलं आलंय सुतक, असं मी आईला ताडकन बोललो. ती अक्तीवरच अडून राहिली, आणि मग मलाही थांबावंच लागलं.

अक्तीला घागर भरली, जेवणं झाली. दुपारी लिनक्स उघडून धाकट्याचे सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेतले, मग विंडोजमध्ये येऊन ते पार्टिशन डिलीट केलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला तर काळा पडदा आणि वर इंग्रजीत एक ओळ. पुढे ढिम्म हलेना.

"काऊन बंद पडला? त्याले आवडलं नाही का?" आईने विचारलं.

"मशीन हाय ते! कायले काहीबाही बोलून राहिली?" मी खेकसलो.

फोनवर शोधल्यावर उलगडा झाला. लॅपटॉप लावताना कोणती सिस्टीम उघडायची हे विचारणारा प्रोग्राम लिनक्सच्या भरवशावर चालत होता, आणि तेच आम्ही पुसलं होतं. लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये शिरून विंडोजला पहिला नंबर दिला तेव्हा गाडी रुळावर आली. पण मोकळी झालेली जागा बहिणीच्या बाजूला जोडताच येईना, कारण मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेलं रिकव्हरीचं एक चिमुकलं पार्टिशन आडवं पडलेलं. आपल्या धानशेताच्या दोन तुकड्यांमध्ये, दोन बांध्यांमध्ये, दुसऱ्याची बांधी असली की मधला मातीचा धुरा फोडून उपयोग नसतो, तसंच झालं. शेवटी त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करायचं ठरलं.

विंडोजने ड्राइव्हला नाव विचारलं. मी टाइप केलं. आई मागे उभी राहून वाचत होती.

"त्याचं नाव कायले टाकून राहिला?" ती हळूच म्हणाली. "तो गेला न आता पितरांत. पोरीचं लिव."

दिवसभर मशीन आहे, मशीन आहे म्हणून ओरडणारा मी. माझ्या बोटांनी काय लिहिलं ते मला तेव्हा दिसलं. एकेक अक्षर खोडत मागे आलो, आणि शेवटचं एक उरलं तेव्हा मला ते खोडवेना. आईनेच हात पुढे करून खोडायचं बटण दाबलं.