न्हावरा सोडलं की गाडी डावीकडं ओढायची

मी व्हील अलाइनमेंटचं काम करणारा माणूस. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्याला कारण असतंच... हवा, टायर, टाय रॉड, काहीतरी. ते सापडेपर्यंत शोधायचं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितोय, कारण हे ज्यांच्यासमोर घडलं त्यांच्यापैकी सांगणारा आता मीच उरलोय.

२००३-०४ च्या सुमाराची गोष्ट. शिरूरला नगर रोडवर माझं दुकान होतं. वरवंडचे आप्पा नेहमीचे गिऱ्हाईक. धनगर समाजाचे, साठीला आलेले. वडील मेंढरांमागं फिरले, आप्पांनी मात्र शेती धरली. एका जुन्या पिकअपमधून ते शिरूरच्या बाजारात भाजी आणायचे. त्यांच्या घराच्या वाटेवर ओढा होता, तिथं गाडी खालून घासायची. म्हणून त्यांनी स्प्रिंगचे जादा पाटे टाकून ती चांगली चार बोटं उचलून घेतली.

गाडी उंच केली की पुढच्या चाकांचा कल बदलतो, स्टिअरिंग बिघडतं. ते माझ्याकडं आले, मी अलाइनमेंट करून दिलं. तर चार दिवसांत परत हजर. म्हणाले, "बाकी रस्त्याला सुतासारखी सरळ पळती. न्हावरा सोडून कॅनॉलच्या चारीचा पूल आला की डावीकडं वढती. कुणी हात धरून वढावं तशी."

मशिनवर लावली. सगळी मापं बरोबर. मग मीच त्यांच्यासोबत निघालो, स्वतः चालवत. भर दुपार होती. न्हावऱ्यापर्यंत बोटावर स्टिअरिंग धरून गेलो. आणि पूल आला तसं ते डावीकडं असं फिरलं की दोन्ही हातांनी धरावं लागलं.

गाडी थांबवली. रस्त्याला उतार नव्हता, खड्डा नव्हता. आप्पांनी चपला काढल्या, चारीत उतरले आणि वाकून पुलाखाली बघितलं. कॅनॉलचं पाणी सुटलेलं नव्हतं. कोरडी चारी, गवत, बाकी काही नाही. खरं सांगायचं तर मला लाज वाटली — एवढी वर्षं हे काम करून साधं कारण सापडत नव्हतं. परत आल्यावर टायर आलटून पालटून बघितले, टाय रॉडचे एंड बदलले, पुन्हा मापं घेतली.

आठ दिवसांनी पुन्हा आम्ही दोघं त्याच रस्त्याला. तीच जागा... ओढ या वेळी आणखी जोरात. मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चाकापाशी बसलो. आप्पा म्हणाले, "थांबा जरा. ऐका."

पुलाखालून कण्हण्याचा आवाज येत होता.

सत्तरीचे एक गृहस्थ गवतात पडले होते. खुब्यातून पाय हलत नव्हता, ओठ फुटलेले. पाणी मागितलं. शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती — त्यांचं नाव, मुलीचं नाव, दौंडचा पत्ता. मागं पोती अंथरून त्यांना निजवलं, डोकं मी मांडीवर घेतलं आणि आप्पांनी गाडी दौंडला नेली.

मुलगी शिक्षिका. वडील रेल्वेत गँगमन होते, रिटायर झाल्यावर विसरायला लागले. दोन दिवसांपूर्वी घरातून निघाले आणि बहुतेक एसटीत बसून न्हावऱ्यापर्यंत आले. ती रडत नव्हती, फक्त आमचे हात सोडत नव्हती.

त्यानंतर त्या पुलावर गाडी कधीच ओढली नाही. दुसऱ्या फेरीनंतर मी काहीही बदललं नव्हतं. मापं लावून बघितली, आदल्या वेळेसारखीच होती.

महिन्याभरानं आम्ही त्या गृहस्थांना भेटायला दौंडला गेलो. मुलीनं जय भीम केला, चहा ठेवला. आबा, म्हणजे तिचे वडील, कॉटवर बसले होते. त्यांनी आप्पांकडं बोट केलं. मग म्हणाले, "तुम्ही दोघं आधीबी आलता. ह्यांनी चपला काढल्या, खाली वाकून बघितलं. मी हाका मारल्या. तुम्ही गेला."

मुलगी हळूच म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नका." आम्ही पहिल्यांदा पुलावर गेलो तो वार सांगून मी तिला विचारलं, तेव्हा आबा कुठं होते. ती म्हणाली, त्या दिवशी आबांना ताप होता, घरातच होते. तिनं शाळेतून रजा काढली होती, दिवसभर ती त्यांच्या उशाशी होती.

चपला काढल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आप्पांनीही नाही. आबांना ते कसं कळलं, आणि ते तिथं पडायच्या आधीपासून गाडी तिकडं का ओढत होती... मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही.

 आप्पा मात्र कॉटशेजारी खाली बसले आणि आबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "चुकलं आमचं, आबा. तवाच नीट बघायला पायजे हुतं."

आबा म्हणाले, "परत आला न्हवं? झालं मग."