ट्रायल संपू दे, मग ठरवू

“ट्रायल संपू दे, मग ठरवू,” असं म्हणून काका डाव्या हाताने मांडीवर थाप मारायचे. त्या थापेनंतर विषय संपायचा आणि माझं डोकं उठायचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याला काम सांगावं तर तो आधी हत्यारंच निवडत बसतो. इकडे परदेशात, आमच्या स्टॅनमोरच्या मराठी मंडळात ते काका होते. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले, एके काळी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात तबल्याला बसणारे. तबला सुटून चारेक वर्षं झाली होती. का सोडलात विचारलं, की “आता खाली बसवत नाही गं” म्हणायचे. घरी कॉम्प्युटर आल्यापासून गणेशोत्सवातल्या नाचांची गाणी कापून-जोडून देण्याचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. नाच बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

त्या वर्षी माझ्या लेकीसह आठ मुली कोळीनृत्य करणार होत्या. गाणं सात मिनिटांचं आणि नाचाला मिळणार चार. शाळेचा हॉल सहाला रिकामा करून द्यावा लागे आणि केअरटेकर साडेपाचपासूनच दारात किल्ल्या वाजवत उभा राही. म्हणजे तीन मिनिटं कापायची. जूनमध्येच मी काकांना सीडी दिली.

जुलैत विचारलं.

“दोन सॉफ्टवेअर बघितली. पहिल्यात नीट झूमच होत नाही. दुसऱ्यात आवाज हळूहळू फेड केला की गाणारी बाई विहिरीत पडल्यासारखी वाटते.”

“काका, मुलींना प्रॅक्टिस करायचीये. कुठलंही एक घ्या ना!”

“कुठलंही कसं घेऊ? समेवर नको यायला?”

ऑगस्टपर्यंत मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांवरची सात सॉफ्टवेअर बघून झाली. एकाच्या फुकट ट्रायलची महिन्याची मुदत संपत आली, तर त्यांनी कॉम्प्युटरची तारीखच मागे नेली. मग त्यांच्या ईमेल जूनच्या तारखेने येऊन माझ्या इनबॉक्सच्या तळाशी बसू लागल्या, आणि मी उत्तर देत नाही म्हणून वर तेच माझ्यावर रागवायचे. इकडे मुली सात मिनिटांच्या गाण्यावर नाचत होत्या आणि मी मध्येच “इथे कट!” असं ओरडत होते. आठही जणी आठ दिशांना जायच्या.

कार्यक्रम परवावर आला तेव्हा मी तणतणत त्यांच्या घरी गेले. गाणं घेतल्याशिवाय उठायचंच नाही, असं ठरवून.

पडद्यावर नववं सॉफ्टवेअर होतं. “ऐक,” काका म्हणाले. जोड आला तो केसभर आधी, आणि ढोलकी ठेचकाळली. “बघितलंस? हेही बाद.”

मी चांगलं फैलावर घ्यायला तोंड उघडलं आणि माझी नजर पडद्यावरच्या बाणाकडे गेली. बाण थरथरत होता. मग मी माउसवरचा त्यांचा उजवा हात बघितला.

नऊच्या नऊ सॉफ्टवेअर ठीक होती. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तबला का सुटला ते मला तेव्हा कळलं. गाण्यातली सम तेवढी त्यांच्याकडे उरली होती, आणि आता तीही हातातून निसटत होती. मी तीन महिने त्यांच्या नावाने खडे फोडत होते. मला माझीच लाज वाटली.

“काका, माउस मी धरते. कुठे ते तुम्ही सांगा.”

त्यांनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. मग त्यांनी खुर्ची सरकवून मला जागा करून दिली. गाणं सुरू झालं. डोळे मिटून त्यांनी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि एकदम म्हणाले, “आत्ता!” मी क्लिक केलं. चुकलं. पुन्हा केलं. सहाव्या खेपेला दोन्ही टोकं अशी जुळली की जोड कुठे आहे तेच कळेना.

“आली,” काका म्हणाले. “आली समेवर. हेच घेऊ.”

मी सेव्हच्या बटणाकडे गेले, तर ते फिकट करडं. ट्रायलमध्ये सेव्ह करता येतच नव्हतं.

“हो, असं काहीतरी लिहिलंय खरं त्यात,” काका शांतपणे म्हणाले. मी कपाळावर हात मारून घेतला. विकत घ्यावं तर सीडी पोस्टाने यायला आठवडा. कॅसेटवर टेप करू म्हटलं तर “छे, घरघर येईल.”

शेवटी शनिवारी सकाळी काकांचा अख्खा कॉम्प्युटर डूव्हेत, म्हणजे जाड रजईत, गुंडाळून माझ्या गाडीतून हॉलवर गेला. लोक खुर्च्या मांडत होते आणि आम्ही दोघं स्टेजच्या कडेला बसून पुन्हा पहिल्यापासून, “आत्ता!” आणि क्लिक. दुपारी मुली नाचल्या. जोड आला आणि गेला, कुणाला पत्ता नाही. काकांनी तेवढी मांडीवर थाप मारली आणि माझ्याकडे बघून हसले.

फेब्रुवारीत काका गेले.

पुढच्या गणपतीला गाणं मीच कापलं. त्या नऊपैकीच एक घेतलं, विकतचं, सेव्ह होणारं. वीस मिनिटांत काम झालं. माझा हात स्थिर होता, पण कधी क्लिक करायचं ते सांगणारं शेजारी कुणी नव्हतं.

नाच झाल्यावर लेक धावत आली. “आई, कट मस्त होता ना? कोणाला नाही कळला!”

“मस्त होता गं,” मी म्हटलं. जोड केसभर आधी आला होता. हॉलभर टाळ्या चालल्या होत्या, आणि हे जिला कळलं ती मी एकटीच होते.