तेरा ढेपा गूळ

मी तीन वर्षांची असताना मला मुदतीचा ताप आला होता. पोर वाचली तर लग्नाआधी तिच्या भारोभार गूळ वाटीन, असं आई देवीला बोलली. मी वाचले. नवस मात्र राहून गेला. वडील दरवर्षी आईला आठवण करून द्यायचे, की मुलगी वाढतेय तसा गूळही वाढतोय.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी एकोणीस वर्षांची झाले आणि स्थळं येऊ लागली. पहिलं भुसावळचं, रेल्वेतल्या नोकरीचं. पाहून गेल्यावर मध्यस्थाबरोबर निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण अंगाने जास्त आहे." आमच्याकडे तोवर बारीक मुलीलाच नावं ठेवत असत, त्यामुळे आईला हे नवीन होतं. तिने मला काही सांगितलं नाही, पण मी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं.

धुळ्याला आमचं घर वर आणि वडिलांची धान्याची आडत खाली होती. एका दुपारी सगळे झोपल्यावर मी जिना उतरून पोत्यांच्या काट्यावर उभी राहिले. चौसष्ट किलो. दुसऱ्या दिवसापासून सोमवार, गुरुवार आणि शनिवार उपास धरले. लग्नाच्या मुलीने उपास धरले की घरात कोणी कारण विचारत नाही. बाकीच्या दिवशी दुसरी भाकरी घेत नव्हते. दोन महिन्यांत अठ्ठावन्नवर आले. चक्कर यायची, पण पोलकी सैल झाली याचं समाधान होतं.

मग जळगावचं स्थळ आलं. केळीची बाग, माणसं चांगली. आई म्हणाली, "आधी नवस, मग पाहुणे."

मला चार लोकांसमोर तराजूत बसायचं नव्हतं. मी म्हटलं, "खालच्या काट्यावर वजन करू आणि तेवढा गूळ वाटून टाकू."

"आणि देवीला काय पावती दाखवू?" आई म्हणाली.

देवळाच्या आवारात लिंबाच्या फांदीला दुकानातला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात मी, मांडी घालून, मान खाली. दुसऱ्यात मापाडी पाच-पाच किलोच्या ढेपा ठेवू लागला. आडतीत मोजतात तसंच मोठ्याने, एकच्या जागी लाभ म्हणत, "लाभ, दोन, तीन..." बाराव्या ढेपेला माझं पारडं जमिनीवरून उचललं गेलं. मनात हिशेब तयार होता. साठ म्हणतील, दोन किलो जास्त, पण चालेल.

तेवढ्यात आई पुढे आली. "देवीचं माप असं काटेकोर नको. झुकतं द्या."

"तेरा!" मापाडी ओरडला. मी आणखी वर गेले आणि तिथेच लोंबकळत राहिले.

पायरीवर बसलेल्या म्हातारीने शेजारणीला सांगितलं, "तेरा ढेपा! माय वं, पासष्ट किलोनी पोर शे! आते बठ्ठी गल्लीले गूय पुरी."

दोन महिने उपाशी राहून मी एक किलोने वाढले होते. संध्याकाळपर्यंत खरंच सगळ्या गल्लीला गूळ पुरला आणि गुळाबरोबर आकडाही घरोघर पोचला.

आठ दिवसांनी जळगावची मंडळी आली, तेव्हा तो आकडा त्यांनाही माहीत होता. मुलाची आई माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. चहाचा कप खाली ठेवून तिने आईला सरळ विचारलं, "आम्ही पासष्ट ऐकलं होतं. ही तर सुकलेली दिसते. काही दुखणं आहे का, अक्का? असेल तर आत्ताच सांगा."

आईने वडिलांकडे पाहिलं. वडील छताकडे पाहू लागले. हेही स्थळ जाणार, हे मला दिसत होतं. चुकीचा आकडा तसाच ठेवणं मला तेव्हाही जमत नव्हतं. मी म्हटलं, "अठ्ठावन्न आहे. सात किलो आईने देवीला जास्त घातले."

"आणि गाल बसलेत ते?"

"जेवण कमी केलं होतं."

"कोणी सांगितलं तुला?"

"भुसावळच्यांनी नाही म्हटलं, म्हणून."

"अगं, भुसावळवाले काय तुला खांद्यावर घेऊन गाडीत चढवणार होते?" ती एवढ्या मोठ्याने हसली की बैठकीतले पुरुषही हसले. आई मात्र माझ्याकडे पाहत राहिली. ते उपास कशासाठी होते, हे तिला तेव्हा कळलं.

नंतर मुलाची आई पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्यामागे स्वयंपाकघरात आली. दार लोटून घेतलं आणि अगदी हळू म्हणाली, "मी मागे भुसावळच्या फलाटावरच्या यंत्रात नाणं टाकून वजन केलं होतं. वजनाचं तिकीट बाहेर आलं ते ह्यांना दाखवलंच नाही, चघळून टाकलं." मग तिने माझ्या कानात स्वतःचा आकडा सांगितला. "आता तू माझ्या घरची. कोणाला सांगायचं नाही."

वैशाखात लग्न झालं. सासूबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. आकडा मला अजून पाठ आहे. तो मी इथे लिहीत नाही.