न चढणाऱ्यांचं घर

पिणाऱ्यांच्या घरात धान्य टिकत नाही, किस्से मात्र कणगीभर साठतात! आमच्या घरचे सांगायला आता मी एकटीच उरले. शाळेचं तोंड पाहिलं नाही, खताच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. पण या विषयात मला कुणी शिकवू नये!

*

आदिलाबादच्या नार्नूरकडे आमच्या लोकांत जावई पारखायची रीत होती. मोहाची दारू पाजायची, डोक्यावर भरली घागर द्यायची आणि शेताच्या धुऱ्यावरून, अरुंद बांधावरून चालवायचं. आमचे 'हे' थेंब न सांडता गेले, वर उलटे चालत परत आले! माझा बाप खूश. "पोरगा पक्का हाय!"

झालं लग्न.

*

धाकटा दीर मात्र अर्ध्या पेल्यात लालबुंद. एका पोळ्याला बैलाच्या गळ्यात पडून रडला, "दादा, मले माफ करा!"

हे लाजेनं मेले. "आमचा नाही हा. मामाचं रक्त हाय!"

*

ऐंशी सालानंतर यांचं पोट फुगलं. आदिलाबादला डॉक्टरनं विचारलं, "कितना पीते हो?"

"साहेब, चढतच नाही, तर मोजू कायले? आमच्या बापालेबी चढत नव्हती!"

"बाप कितव्या वर्षी गेला?"

"चाळिसाव्या."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "अम्मा, इनका बदन 'बस' नहीं बोलता."

यांनी बापापेक्षा दोन वर्षं जास्त काढली.

*

तेरवीला सगळे म्हणत होते, "काय मर्द होता! शेवटपर्यंत पाय अडखळला नाही!"

मी आतल्या खोलीतून ओरडले, "अडखळला असता तर थांबला असता ना!"

पंगत अर्ध्यावरच उठली. तेव्हापासून त्या लोकांनी माझा उंबरा ओलांडला नाही.

*

नव्वद सालानंतर पोरगा मंचेरियलला कोळशाच्या खाणीत लागला. बापाचीच चाल, बापाचेच खांदे. आतून कुणावर गेला असेल, या घोरानं मला झोप नसे. एकदा मी गेले असताना दोस्तांनी त्याच्या हातात पहिला पेला दिला. मी दारात उभी. अडवलं नाही. पाहायचंच होतं!

दोन घोटांत तोंड लाल. तिसऱ्याला मुकादमाच्या बुटांवर भडाभडा ओकला! दोस्त हसून लोळले.

मी धावत जाऊन पावशेर पेढे आणले, एकेकाच्या हातावर ठेवले.

"मावशी, पोरगा ओकला आन् तुमी पेढे वाटून राह्यल्या?"

"तोंड गोड करा!"

सकाळी त्यानं मला पहिल्या बसमध्ये बसवलं. खिडकीशी थांबला नाही. त्यानंतर चिठ्ठी नाही, दिवाळी नाही.

गावात बाया मुद्दाम विचारतात, "काऊन वो काकू, पोरगा येत नाही?"

"नसंना येत! त्याले दोन घोटांत चढते!"