डाव्या बाजूचे नट

चाकाचा पाना घेऊन कुणी गाडीशेजारी उकिडवा बसलेला दिसला, की ती घटना अजूनही जशीच्या तशी समोर येते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण रोज सकाळी धास्ती घालणारा तपास हा एकच, आणि त्यात कुणाला साधे खरचटलेही नाही. नावे देत नाही. त्यातली माणसे अजून त्याच गल्लीत राहतात.

नव्वदीची सुरुवात होती. मी पुण्यातल्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. बिबवेवाडीचा काही भाग आमच्या हद्दीत होता. सकाळची हजेरी आटोपत असताना चाळिशीचा एक गृहस्थ आला. त्याने टेबलावर रुमाल ठेवून गाठ सोडली. आत चाकाचा तुटलेला बोल्ट आणि दोन नट होते.

"साहेब, माझ्या गाडीच्या चाकांचे नट कुणीतरी ढिले करतंय," तो म्हणाला. "मला मारायचा विचार आहे कुणाचा तरी."

आमचे हवालदार डायरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "पुण्याचे रस्ते आहेत हो ते. आमच्या जीपचं दार मी हातात धरून बसतो."

"रस्ता डावीकडचेच नट शोधून ढिले करतो का, हवालदारसाहेब?"

हवालदारांनी पेन खाली ठेवले.

मी त्याला बसवून सगळे विचारले. घर मुसलमानाचे, पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले. वडील पूर्वी शहरात पुस्तकबांधणीचे काम करत. ह्याच्याकडे आधी तीनचाकी टेम्पो होता. तो विकून ह्याने समोरच्याच घरातल्या शेजाऱ्याकडून पिकअप घेतली होती. जुनी जीप कापून मागे हौदा बसवलेली ती गाडी. तिच्यातून हा रोज सकाळी बेकरीचा माल लोणी काळभोरच्या दुकानांना पोचवायचा. शेजारच्या सीटवर त्याची मुलगी बसायची, कारण तिचे कॉलेज लोणीलाच होते.

गाडी घेऊन काही आठवडे झाले आणि सोलापूर रस्त्यावर मागचे डावे चाक डगमगू लागले. उतरून पाहिले तर नट निम्मे बाहेर आले होते आणि दोन बोल्ट तुटले होते. त्याला वाटले, आपलेच दुर्लक्ष झाले. पुढे स्वारगेटच्या चौकात सिग्नल सुटला, आणि पुढचे डावे चाक तिरपे होऊन गाडी जागेवर बसली. मागून एस.टी. येत होती. तिच्या चालकाने ब्रेक दाबला म्हणून मुलगी वाचली. तेव्हापासून तो निघण्यापूर्वी रोज नट तपासत होता, आणि रोज सकाळी डाव्या बाजूचे नट ढिले सापडत होते. उजवीकडचा एकही नाही.

"रात्री कोण आवळतं?"

"मीच, साहेब. संध्याकाळी गाडी लावली की पाना लावून बघतो. सकाळी परत ढिले."

मी आगळीकीचा, म्हणजे मुद्दाम नुकसान केल्याचा, आणि जीव धोक्यात आणल्याचा गुन्हा दाखल करून घेतला आणि पंचांसमोर गाडी पाहिली. मागच्या डाव्या चाकाच्या लोखंडी तबकडीतली गोल भोके लांबट झाली होती. चाक ढिले फिरत राहिले की बोल्ट भोकाच्या कडा खातो. नव्या बोल्टांचे आटेही झिजू लागले होते. गाडी दुरुस्त करणारा म्हणाला, असेच चालले तर थोड्या दिवसांनी पाना लावूनही नट धरणार नाही.

पंचनामा करताना पिकअपच्या चालकाने, म्हणजे तक्रार देणाऱ्याने, आणखी एक गोष्ट सांगितली. सगळीकडे नट उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे फिरवला की सुटतो. पण ह्या जातीच्या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना आटे उलटे असतात. चाक फिरताना नट सुटू नये म्हणून कारखान्यातच तशी सोय केलेली असते. म्हणजे डाव्या चाकाचा नट उजवीकडे फिरवला तर सुटतो.

मी ते लिहून घेतले आणि तिथेच माझा हिशेब पक्का झाला. परका माणूस नट सोडायला बसला, तर तो सवयीप्रमाणे डावीकडे फिरवील, आणि त्याने ते उलट घट्टच होतील. ज्या अर्थी डावीकडचेच सुटतात, त्या अर्थी सोडणाऱ्याला ही गाडी आतून माहीत आहे.

ही गाडी आतून माहीत असलेला दुसरा माणूस समोरच राहत होता.

दुसऱ्या दिवशी बेकरीतून खबरही तशीच आली. गाडी विकणारा शेजारी चारचौघांत चालकाला म्हणाला होता, "चाक घरंगळत पुढे जाईल ना, तेव्हा माझी आठवण येईल तुला." ऐकणारे एकाला दोन होते. मी गल्लीच्या तोंडाशी रात्रपाळीला शिपाई बसवला. बाहेरचे कुणी आत गेले नाही, आणि सकाळी नट ढिले ते ढिलेच. म्हणजे करणारा गल्लीतलाच.

गाडी रस्त्यावर कशी चालते ते पाहावे म्हणून एक दिवस मी साध्या कपड्यांत तिच्यातून लोणीपर्यंत गेलो. निघताना नट मी स्वतः पाना लावून तपासले होते. तरी हडपसर मागे पडल्यावर, बाजूने मालट्रक सुसाट जायला लागले तसा माझा कान डाव्या चाकाकडे गेला तो तिथेच राहिला. प्रत्येक खड्ड्याला वाटे, आता गेले. ज्याला नट सोडता येतात त्याला ब्रेकची नळीही कापता येते, हा विचार तिथे बसल्यावर पहिल्यांदा नीट डोक्यात आला. मुलगी माझ्या आणि दाराच्या मध्ये बसली होती. पूर्ण रस्ताभर तिचा हात दाराच्या खिटीवर होता.

"बसने का जात नाहीस?" मी विचारले.

"मी नसले की अब्बू जोरात चालवतात, काका," ती म्हणाली. "मी असले की जपून चालवतात."

माझी मुलगी तेव्हा तिच्याएवढीच होती. त्या दिवशी घरी गेल्यावर मी तिच्या सायकलचे ब्रेक दोनदा दाबून पाहिले.

शेजाऱ्याला चौकशीला बोलावले. हा हिंदू, घरच्या दोन गाड्या असलेला, तोंडाने फटकळ. खुर्चीवर बसला तो घाबरूनच, पण फटकळपणा सुटला नव्हता.

"तू धमकी दिली होतीस की नाही?"

"धमकी कसली, साहेब? त्याला सांगत होतो, डावीकडं आटे उलटे आहेत, पंक्चरवाल्याच्या हातात पाना देऊ नको. तर मला म्हणतो, मला शिकवतोस? मग बोललो. पुण्यात एवढं बोललं तर गुन्हा असेल, तर अख्खं शहर आत घ्यावं लागेल."

"ही गाडी तुझ्याइतकी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला. आपण काय बोललो ते त्याला मग कळले आणि चेहरा उतरला.

त्याच दिवशी हवालदारांनी वेगळी बातमी आणली. दोन घरे दोन धर्मांची, आणि संध्याकाळ झाली की दोन्ही दारांशी पोरे जमायला लागली होती. अजून कुणी काही बोलत नव्हते, नुसतीच उभी राहत होती. बोलण्यापेक्षा ते उभे राहणे वाईट असते, हे त्या वर्षांत नोकरी केलेला कोणताही पोलीस सांगेल. मी शेजाऱ्याला अटक केली असती तर कागद पुरे झाले असते. पण त्या रात्री त्या गल्लीत काय झाले असते, हे मला सांगता येत नव्हते.

चौकशी संपता संपता शेजारीच म्हणाला, "साहेब, माझ्याच गॅलरीत बसा. गाडी समोर दिसते. मी तुमच्या शेजारी बसतो. माझा हात तुमच्या हातात ठेवा हवा तर. मग सकाळी नट बघा."

दुसरा मार्ग नव्हता. अंधार पडताच मी आणि हवालदार त्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमागे जाऊन बसलो. शेजारी मध्ये. संध्याकाळी चालकाने नट आवळले ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

उजाडायला लागले. मशिदीतून अजान झाली. थोड्या वेळाने समोरच्या घराचे दार आवाज न करता उघडले आणि चालकाचे वडील बाहेर आले. सत्तरीचा माणूस, डोक्यावर टोपी, हातात कापडात गुंडाळलेले काहीतरी. त्यांनी गल्लीत इकडेतिकडे पाहिले. कापड सोडले. पाना होता. उजवीकडच्या चाकांशी वाकून ते पाना लावून पायाने दाब देत होते. मग वळसा घालून डावीकडे आले आणि पुढच्या चाकाच्या नटाला पाना लावून पाय ठेवला. शांततेत नट करकरला.

बापच. बाप आपल्या मुलाच्या आणि नातीच्या गाडीचे नट सोडतो आहे. मी उठलो तसे शेजाऱ्याने माझे मनगट पकडले. ज्याच्यावर संशय होता, तो कुजबुजला, "साहेब, नाही. चाचा असं करणार नाहीत. लहानपणापासून बघतोय मी त्यांना."

"मग डोळ्यांना काय दिसतंय?"

त्याने मनगट सोडले.

खाली जाऊन मी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. पाना दगडावर पडला. त्यांचा पळायचा विचार दिसला नाही. उलट त्यांनी घराच्या दाराकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "साहेब, मोठ्यानं बोलू नका. मुलगा उठेल."

"चाचा, काय करत होता तुम्ही?"

"आवळत होतो."

"कधीपासून?"

"टेम्पो होता तेव्हापासून रोज. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर मुलानं गाडीला हात लावायचा नाही म्हणून ताकीद दिली. हा पाना माझ्या सामानात लपवून ठेवला होता. त्याला कळलं तर काढून घेईल. मग कोण आवळणार?" त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. "साहेब, तुम्ही आलात ते बरं झालं. कुणीतरी खरंच दुष्मन आहे. रोज इकडचे नट ढिले सापडतात मला. उजवीकडचे दगडासारखे, आणि इकडचे पाय ठेवला की हलतात. मी रोज हलवून बसवतो. तरी दुसऱ्या दिवशी तेच. भीती वाटते म्हणून झोप येत नाही, साहेब."

मी म्हटले, "करून दाखवा."

त्यांनी उजव्या चाकाच्या नटाला पाना लावला, पायाने खाली दाब दिला. नट जागचा हलला नाही. "बघा, घट्ट." मग डावीकडे आले. तसाच पाना, तसाच पाय, तोच दाब. नट करकरून फिरला. "बघा," ते म्हणाले, "हा ढिला होता. आता बसला."

माझा हिशेब त्या एका करकरीत उलटा झाला. परका माणूस सोडायला बसला तर डावीकडचे नट घट्ट होतील, हे मी बरोबर मांडले होते. तसाच परका माणूस आवळायला बसला तर ते सुटतील, ही दुसरी बाजू मी कधी मांडलीच नव्हती. संध्याकाळी मुलगा आवळायचा. पहाटे बाप आवळायचा, टेम्पोच्या सवयीने, उजवीकडेच. मुलगा परत ढिले बघून घाबरायचा. बाप पायाखाली नट हललेला बघून घाबरायचा. दोघांच्या मध्ये तिसरा माणूस कुणीच नव्हता.

मी खाली वाकलो. बोटाने नट फिरवला. तो बोटाने फिरला. चाचांनी स्वतःचे बोट लावले, त्यांच्याही बोटाने फिरला. आपण आत्ताच आवळलेल्या नटाकडे ते पाहत राहिले. मग त्याच नटाला पाना लावून त्यांनी उलटा दाब दिला. तो जाऊन घट्ट बसला.

"म्हणजे मीच?" ते म्हणाले.

हवालदार वर बघायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी लोकांकडून कबुल्या घेतल्या. तो शब्द मात्र ऐकवेना.

आवाजाने मुलगा बाहेर आला होता. समोरून शेजारीही खाली उतरला होता. मी मुलाला बाजूला घेऊन सगळे सांगितले. तो आधी रागावला असता तर मला आश्चर्य वाटले नसते. पण तो जाऊन बापाशेजारी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "अब्बा, मला सांगितलं असतं तर..."

"तू पाना काढून घेतला असतास," म्हातारा म्हणाला.

खरेच त्याने काढून घेतला असता.

त्या दिवशी मी गल्लीतल्या दोन्हीकडच्या मोठ्या माणसांना गाडीजवळ उभे केले आणि त्यांच्यासमोर नट फिरवून दाखवला. पोरे दारांशी जमायची थांबली. शेजाऱ्याचा जबाब घेऊन त्याला मोकळे केले. न्यायालयात 'सी समरी' पाठवली, म्हणजे तक्रार खोटी नाही, पण गैरसमजातून झालेली, गुन्हा घडलेला नाही.

काही दिवसांनी पहाटेच्या गस्तीवरून परतताना मी मुद्दाम त्या गल्लीतून जीप घ्यायला लावली. गाडी उभी होती. डाव्या चाकांच्या टोप्यांवर लाल रंगाने मोठे बाण काढलेले होते; ते शेजाऱ्याचे काम. चाचा चाकाशी बसले होते, पाना उघड्यावर, कापड नव्हते. उंबऱ्यात मुलगा चहा पीत उभा होता. चाचांनी बाणाकडे पाहून दाब दिला आणि समोरच्या गॅलरीकडे मान वळवली.

"बरोबर?"

"बरोबर, चाचा," वरून आवाज आला. "आता पुरे करा. नाहीतर आटे खाल."

भीतीने माणूस रिकामा बसत नाही, हे मी तिथे शिकलो. तो काहीतरी करत राहतो, आणि बऱ्याचदा ज्याची भीती असते तेच आपल्या हाताने घडवतो. त्यानंतर माझ्यासमोर कुणी घाबरून आला, की 'तुमचा वैरी कोण' हे मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, 'ह्या भीतीपोटी तुम्ही स्वतः रोज काय करता?' कित्येकदा उत्तर देताना माणूस मध्येच थांबायचा आणि आपल्या हाताकडे बघायचा.